माजी राष्ट्रीय अध्यक्ष अक्का

माणसाचं पद गेलं की आधी गाडी जाते, मग फोन थांबतात, मग दिवाळीचे मिठाईचे डबे. वाढत जातात ते फक्त किस्से. आमच्या अक्कांचं तसंच झालंय. अक्का म्हणजे आमच्या पक्षाच्या माजी राष्ट्रीय अध्यक्ष, बेंगळूरच्या जुन्या मराठी घरातल्या. मी निपाणीचा. त्यांच्या ऑफिसात भाषांतराला लागलो आणि शेवटपर्यंत राहिलो. हल्ली त्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये असतात. रविवारी मी आणि त्यांचे जुने ड्रायव्हर मुनियप्पा तिकडे कॉफीला जातो. कॉफी लवकर संपते, आम्ही उठत नाही.

*

अक्का अध्यक्ष झाल्या त्याचीच गंमत आहे. दिल्लीत पक्षाचे दोन गट. याचा माणूस त्याला चालेना, त्याचा याला. शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणालं, "बेंगळूरच्या बाईंना करा. त्या कुणाच्याच नाहीत."

दोन्ही गटांना वाटलं, साधी बाई आहे, आपलं ऐकेल. आणि अक्का खरंच ऐकायच्या. दोघांचंही, मान हलवत, मध्ये एक शब्द न बोलता. सगळ्यांचं बोलून झालं की म्हणायच्या, "सरी, ठीक आहे. आता मी काय ठरवलंय ते सांगते."

*

हिंदी भाषणं तिवारीजी लिहून द्यायचे. एकदा सभेच्या आधी अक्का कागद वाचत होत्या. 'हमारी सरकार ने गरीबों के लिए हर चेष्टा की है' या ओळीवर थांबल्या. म्हणाल्या, "हे काढा."

तिवारीजी गोंधळले. मी मध्ये पडलो. "अक्का, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न."

"असेल," अक्का म्हणाल्या. "पण समोर आपले सीमाभागातले लोक बसलेत. गरिबांची चेष्टा झालीय हे त्यांना ठाऊक आहे. आपण माइकवरून कशाला कबूल करायचं?"

*

त्या स्वतः लोकसभेला पडल्या तो दिवस. सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हारवाले, फोटोवाले, गावोगावचे पुढारी. जेवणाच्या वेळेला उरलो मी, मुनियप्पा आणि मांडववाल्याच्या रिकाम्या खुर्च्या.

अक्का बाहेर आल्या, सगळीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मुनियप्पा, गाडी काढ. येलहंक्याला जाऊ."

तिथल्या आमच्या एका कार्यकर्त्याचे वडील ऐन प्रचारात वारले होते. भेटायला जायचं राहूनच गेलं होतं. अक्का त्याच्या आईचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. निघताना तो बिचारा अवघडून म्हणाला, "अक्का, आज कशाला आलात? आज तर तुमचाच..."

"निवडून आले असते तर आज जमलं नसतं रे."

येताना मुनियप्पांनी रेडिओ लावला नाही.

*

परवा व्हाइटफील्डला एक लग्न होतं. ट्रॅफिकच्या भीतीने आम्ही मेट्रो धरली. डब्यात गर्दी. कानात इअरफोन घातलेला एक पोरगा उठला. "आंटी, बैठिए."

मला वाईट वाटलं. एके काळी विमानतळावर बाईंना बघून माणसं उभी राहायची, आणि आता नुसत्या आंटी! अक्का मात्र भलत्याच खुशीत बसल्या. मला खाली वाकायला सांगून कानात म्हणाल्या, "एवढी वर्षं राजकारणात काढली. माझ्यासाठी कुणी आपणहून खुर्ची सोडली ती आज."

*

फ्लॅटच्या सोसायटीवाले आले होते. म्हणे, "मॅडम, तुमच्यासारख्या अनुभवी व्यक्तीने चेअरमन व्हावं. पार्किंगचा वाद तेवढा मिटवा."

अक्कांनी त्यांना कॉफी दिली, चकली दिली. मग हात जोडले. "मी फक्त देश सांभाळायला निघाले होते. पार्किंग मला झेपायचं नाही."

*

आणि आता वसंताचा किस्सा. वसंता म्हणजे अक्कांचा धाकटा भाऊ. विधानसभेला त्याला घरच्याच मतदारसंघातून तिकीट हवं होतं. अक्कांनी दिलं नाही. दुसऱ्या एका जुन्या कार्यकर्त्याला दिलं. वसंता चिडून अपक्ष उभा राहिला. दिल्लीवाले गालात हसत बघत होते, आता बाई काय करतात.

बाई प्रचाराला गेल्या. वसंताच्या घरासमोरच्या मैदानात सभा. अक्का म्हणाल्या, "माझा भाऊ चांगला माणूस आहे. तुमच्या अडीअडचणीला धावून येतो. पण अध्यक्षाचा भाऊ म्हणून त्याला निवडलंत, तर उद्या प्रत्येक पुढाऱ्याचा भाऊ तुमच्या दारात उभा राहील. त्याला मत देऊ नका." आवाज जराही हलला नाही. गाडीत बसल्यावर मात्र पाणी मागितलं आणि ग्लास नुसता हातात धरून बसल्या.

मतं फुटली. आमचा उमेदवार थोडक्यात पडला, वसंताही पडला. दोन्ही गट पहिल्यांदाच एक झाले आणि अक्कांचा राजीनामा घेतला. बहीणभावाचं बोलणं बंद.

पुढच्या भाऊबीजेला मी त्यांच्याकडे होतो. अक्कांनी पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन तयार ठेवलं. येणार कोण, हे विचारायचा मला धीर झाला नाही. संध्याकाळी बेल वाजली. दारात वसंता.

तो पाटावर मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "अक्का, त्या दिवशी गॅलरीत उभा राहून तुझं सगळं भाषण ऐकलं. पटलं मला. मी तुझ्याच माणसाला मत दिलं."

अक्कांनी निरांजन लावलं. कुंकवात बोट बुडवलं.

"तू कुणाला दिलंस?" वसंताने विचारलं.

"हलू नको," अक्का म्हणाल्या. "टिळा वाकडा होईल."