किरणांनंतर परत आलेल्या कॅन्सरचं ऑपरेशन

“कॅन्सर परत आला आहे, त्याच जागी,” डॉक्टर म्हणाले. बायको भिंतीकडे पाहत राहिली.

माझा कॅन्सर प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा. नागपूरला रेडिएशन, म्हणजे किरणांचे शेक, घेऊन मी आंधळगावला परत हातमागावर बसलो होतो. पीएसए ही या ग्रंथीची रक्ततपासणी. आकडा आधी उतरला, मग चढत गेला. बायोप्सी झाली, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासला, आणि आम्हाला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

मी सातवीत शाळा सोडलेला. इथं लिफ्टचीही भीती वाटे.

डॉक्टरांनी सॅल्व्हेज सर्जरी सांगितली. किरणांनीही कॅन्सर गेला नाही की अख्खी ग्रंथीच काढतात. “आतलं सगळं चिकटलेलं असतं. आतड्याला इजा होऊ शकते. लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.”

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून रेशमावर वाकणारा माणूस मी. ओल्या कपड्यानं कसा बसू? मी होकार देईना.

बायको म्हणाली, “ओले राहा, पन राहा.”

ऑपरेशन झालं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कितीतरी आठवडे होती. ती काढली त्या दिवशी उठून उभा झालो आणि पायांवरून धार गेली. सिस्टर लगेच कोरडी चादर घेऊन आल्या. त्यांचे उपकार विसरणार नाही.

ताबा अजून आला नाही. पॅड लावतो. काढलेल्या ग्रंथीच्या कडेपर्यंत कॅन्सर होता, म्हणजे थोडा आत राहिलाही असेल. डॉक्टर म्हणाले, “बरे झालात असं आज म्हणणार नाही. पीएसए बघत राहू.”

तपासणीसाठी धर्मशाळेत थांबलो असताना साळा रामू गावाहून आला, कुळथाची पिशवी घेऊन. या जागेचं दुखणं आमच्याकडे कोणी सांगत नाही, पथरी, म्हणजे मुतखडा, म्हणतात. मीही तेच सांगितलं होतं. पथरीवर कुळथाचा काढा कसा करायचा ते तो बायकोला समजावू लागला. मला हसू आलं, तेवढ्यात कपडे ओले झाले. मग खरं काय ते सांगून टाकलं.

रामूनं कुळथाची पिशवी बाजूला ठेवली. बायको पाण्याला गेल्यावर हळूच म्हणाला, “भाऊजी, मले बी रात्री लघवीले घडीघडी उठा लागते. मी तर सोताच कुळीथ पिऊन राहिलो.”

“उद्या माझ्यासोबत चाल. डॉक्टरले दाखवू.”

सकाळी एकाच बाकावर बसून दोघांनी रक्त दिलं. तुम्हालाही असं काही होत असेल, तर लाजू नका. डॉक्टरांना दाखवा. आम्ही दोघं रिपोर्टची वाट पाहून राहिलो आहोत.