फाटकापासून वाजवलेले टाळ

मंडळी, घरी येऊन दोन घोट पाणी प्यायलं आणि आधी तुम्हाला हे सांगायला बसले.

आज दुपारी आमचं सिरसाळ्याचं महिला भजनी मंडळ वृद्धाश्रमात गेलतं. म्हाताऱ्या माणसांना तेवढाच विरंगुळा. उत्साहाच्या भरात आम्ही फाटकापासूनच टाळ-मृदंग सुरू केला आणि भजन म्हणत रांगेनं आत निघालो.

ओसरीवरची माणसं आमच्याकडं बघायला लागली. एक आजोबा हात जोडून उभे राहिले. शांताबाई नावाच्या आजींनी भिंत धरली आणि विचारलं, "माझी कौसल्या गेली का गं?"

त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या कौसल्याबाईंना सकाळीच बीडच्या दवाखान्यात नेलतं. आम्हाला ते माहीत नव्हतं. पण आमच्याकडं टाळ वाजवत माणसं दारात कधी येतात, हे तर माहीत होतं. कितीतरी मयतींना आम्हीच गेलोय की.

टाळ थांबले. शांताबाईंना दरदरून घाम फुटला. तिथं काम करणाऱ्या ताईंनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या नर्सनं फोन कौसल्याबाईंच्या हातात दिला.

मग स्पीकरवर खणखणीत आवाज आला, "शांते, माझ्या वाटणीचा चहा पिऊ नको."

शांताबाई मटकन खाली बसल्या आणि कितीतरी वेळ रडल्या.

कुणाला बरं वाटावं म्हणून गाणं घेऊन जाता, तेव्हा ते कुठं, कसं म्हणायचं हे तुम्ही त्यांना आधी विचारता का?

निघताना शांताबाईंनी माझा हात धरला. "परत या बाई, आमाला भजन लई आवडतं. पण टाळ पिशवीत घालून या."