वेखंड नव्हे, आयरिस

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही तुमच्याकडच्या तळ्याकाठची जांभळी आयरिस दाखवलीत, म्हणून आज लिहायला बसले. तुमच्या आईने तिकडून आणलेला तिचा कंद मी इथे अमरावतीत न्हाणीच्या सांडपाण्याजवळ लावला होता, कारण तिच्या मुळांना सतत ओल लागते. आपल्या उन्हात दोन उन्हाळे तिची हुबेहूब वेखंडासारखी, तलवारीच्या आकाराची पाती करपली आणि मग एकदाची कळी धरली. नेमक्या त्याच आठवड्यात अकोल्याहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या. मी बाजारातून परतले, तर गच्चीवर सुपात कंदाच्या चकत्या वाळत होत्या. "वेखंड काय मस्त पोसलं व तुयं! नातवाच्या अंगाले लावाले पूड करतो," त्या म्हणाल्या. मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, हे वेखंड नाही! वास तरी घ्या!" त्यांनी चकती हुंगली. "खरंच व, वासच नाई. तुले वेखंडही धड लावता येत नाई!" कळी पात्यांसकट कचऱ्यात पडली होती. मातीत राहून गेलेला बोटभर तुकडा मी तिथेच नीट दाबला. त्याला दरवर्षी पाती फुटतात. फूल अजून आलेले नाही.