गुलब्याचा डायलॉग

"कट" म्हटल्यावरही खेचराचं बोलणं थांबेना, तेव्हा सगळं युनिट हसायला लागलं. मीही हसले.

आवाज अर्थातच नव्हता. नुसतं तोंड चालू होतं. वरचा ओठ उचलायचा, खालचा डावीकडे न्यायचा, जबडा फिरवायचा, जरा थांबायचं आणि पुन्हा सुरू. रजेचा अर्ज नाकारणारा एखादा सुभेदार बोलेल, अगदी तसं.

न्हावऱ्याच्या पुढे, भीमेच्या अलीकडच्या माळावर शूटिंग चाललं होतं. खाकी तंबू, वाळूची पोती, लाकडाच्या बंदुका. सिनेमा लष्करातला, पण विनोदी. पलटणीतलं सामान वाहणारं खेचर साहेबांच्या चुका काढतं, अशी गोष्ट. डायरेक्टर पुण्याचा, तिशीतला. लहानपणी आजोबांबरोबर त्याने बोलणाऱ्या लष्करी खेचराचा एक जुना, काळा-पांढरा, परदेशी सिनेमा पाहिला होता. तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात होतं.

मी निवृत्त सरकारी पशुवैद्यक. शिरूरला राहते. जनावर कॅमेऱ्यासमोर उभं करायचं तर ते तंदुरुस्त असल्याचं सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी मला बोलावलं होतं. पहिल्या दिवशी मी खूर पाहिले, डोळे पाहिले, ताप पाहिला, छातीला नळी लावली आणि सही केली. तोंड उघडून पाहिलं नाही. ते तोंड इतकं मजेशीर हलत होतं की मी बघतच राहिले.

खेचराचं नाव गुलब्या. मालक कवठे येमाईचे गेनबा आप्पा. वडिलांच्या काळापर्यंत यांच्या घरी मेंढरं होती आणि बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. आता शेती. एक वीटभट्टी बंद पडली तेव्हा आप्पांनी हे खेचर घरी आणलं, चारा वाहायला. काही कामाने ते गुलब्याला घेऊन शिक्रापुरात आले होते. तिथे चहाच्या टपरीसमोर त्याचं हे तोंड चालवणं डायरेक्टरने पाहिलं आणि गाडी थांबवली. हिरो तिथेच ठरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ही मान्सं म्हनत्यात त्येला बोलाय येतं. पर पंधरा दिस झालं, त्यो चारा चावतोय आन् टाकून देतोय."

मी उठून गव्हाणीपाशी गेले. खाली चघळलेल्या चाऱ्याचे ओले गोळे पडले होते. बघणाऱ्याला ती घाण वाटेल, आम्हाला तो रिपोर्ट असतो. गुलब्याच्या डाव्या गालावर बाहेरून बोट टेकवलं. त्याने मान हिसडून घेतली.

घोडा, गाढव, खेचर यांचे दात आयुष्यभर थोडे थोडे वर सरकत राहतात आणि चावून चावून झिजतात. झीज सारखी झाली नाही तर दाढेच्या कडेला पात्यासारखी धार येते. ती गालात रुतते. मग जनावर त्रास चुकवायला ओठ उचलतं, जबडा फिरवतं, थांबतं, पुन्हा फिरवतं. आम्ही दोन दिवस ज्याला डायलॉग म्हणत होतो ते हे होतं.

माझं मलाच कानकोंडं झालं. मी डायरेक्टरला बाजूला घेऊन दाढेचं सांगितलं आणि काम थांबवायला लावलं. त्याला आधी गंमत वाटली. मग तो म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट तर तुम्हीच दिलंय."

"दिलं. चुकले. आता परत घेते."

लोकेशन आणखी चारच दिवस हातात होतं. खेचराचे बोलण्याचे बहुतेक शॉट्स बाकी होते. आवाज नंतर स्टुडिओत भरता येतो, पण तोंड इथे हललंच पाहिजे. एवढं सगळं समजावून त्याने विचारलं, दात काढल्यावर गुलब्या बोलेल का? मी सांगितलं, दात काढायचा नाही, नुसता घासायचा आहे. आणि मग बहुतेक तो बोलणार नाही.

तंबूच्या सावलीत गुलब्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं. तोंड उघडं राहावं म्हणून लोखंडी साचा बसवला. आप्पांनी त्याचं डोकं धरलं. आत टॉर्च मारला तर डाव्या गालात बोटाचं पेर मावेल एवढी जखम. आप्पांना दाखवली. ते त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. लांब दांड्याच्या कानशीने मी दाढा घासल्या, जखम धुतली आणि मऊ चारा द्यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी गुलब्याने पहिल्यांदा पोटभर खाल्लं. चौथ्या दिवशीही खाल्लं, आणि कॅमेऱ्यासमोर तोंड मिटून उभा राहिला. शिपायाचं काम करणाऱ्या नटाने तीन वेळा प्रश्न विचारला. गुलब्या दौंडच्या दिशेला बघत होता. डायरेक्टर माझ्याशी बोलायचा बंद झाला. कुणीतरी सुचवलं की ओठाला नायलॉनचा बारीक दोरा बांधून मागून ओढू. मी सांगितलं, दोरा बांधला तर मी नवं सर्टिफिकेट देणार नाही. पॅक-अप करायचं का, अशी कुजबुज सुरू झाली.

पाचव्या दिवशी सकाळी मी जखम बघायला गेले. आप्पा गुलब्याला खरारा करत होते. खरारा म्हणजे दाताळ्या ब्रशने जनावराचं अंग घासणं. मानेच्या मुळाशी, जिथे पाठ सुरू होते, तिथे ब्रश लागला आणि गुलब्याने मान लांब केली. डोळे अर्धे मिटले. वरचा ओठ पुढे आला, थरथरला, डावी-उजवीकडे फिरायला लागला. आप्पांनी हात थांबवला की ओठ थांबायचा.

त्यांना विचारलं, तर म्हणाले, "ह्ये तर त्यो कायम करतोय. त्येला बरं वाटतं."

मी धावत जाऊन डायरेक्टरला घेऊन आले. वयाच्या साठीनंतर मी धावले ते बहुधा तेवढंच. त्याने मिनिटभर पाहिलं आणि तिथेच सीन बदलला. आता शिपाई खरारा करणार आणि खेचर त्याला उपदेश करणार. आप्पांनी त्या नटाला शिकवलं. लहान वाक्याला दोन हात, मोठ्याला सहा, आणि चिडलेल्या वाक्याला जरा जोरात. राहिलेल्या दोन दिवसांत सगळे शॉट्स झाले. पहिल्या दोन दिवसांचे डायरेक्टरने स्वतःहून काढून टाकले. मला म्हणाला, आता ते बघवत नाहीत.

सिनेमा शिरूरला लागला तेव्हा आप्पा आणि मी शेजारी बसून पाहिला. लोक पोट धरून हसत होते. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, याला शिकवताना बिचाऱ्याला किती मारलं असेल. आप्पा मागे वळून त्याला सांगणार होते, मग राहू दे म्हणाले.

तोंड दुखण्यानेही हलतं आणि सुखानेही हलतं, बघणाऱ्याला दोन्ही सारखंच मजेशीर दिसतं. फरक कळायला खाली पडलेला चारा बघावा लागतो. मी तो एक दिवस उशिरा पाहिला.