दादाचा उजवा हात

यंदा मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी, ॲरिझोनातल्या बेसबॉल कॅम्पमध्ये, माझ्या मोठ्या भावाला फसवलं गेलं. फसवणारा त्याचाच क्लब.

दादा शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहायचं, सरपटत येणारा बॉल उचलायचा आणि पार पहिल्या बेसवर फेकायचा. सगळं मनगटावर. आमच्या गावी, नेपरव्हिलला, घराच्या गॅरेजच्या दारावर बॉल आपटून तो हे शिकला. मग कितीतरी वर्षं खालच्या लीगच्या बसमधून फिरला. वरच्या लीगने कधी बोलावलंच नाही.

आदल्या दिवशी एक बॉल उसळून त्याच्या उजव्या मनगटावर बसला. हात सुजला. कोच म्हणाला, "टेप लाव आणि खेळ, नाहीतर बॅग भर."

दादा खेळला. कारण इकडे नेपरव्हिलच्या आमच्या मंडळाने बाबासाहेबांच्या जयंतीला त्याचा सत्कार ठेवला होता. 'आपला प्रोफेशनल बेसबॉलपटू' असं पोस्टर सगळ्या ग्रुपवर फिरलं होतं. बॅग भरून कोणत्या तोंडाने येणार?

त्यांच्या नियमात जखमी खेळाडूला असं काढता येत नाही, आधी उपचार द्यावे लागतात. पण क्लबचं म्हणणं, काल खेळला तो आज जखमी कसा? शुक्रवारी सकाळी रिलीज केलं, म्हणजे करार तोडून घरी पाठवलं. मनगटातलं हाड मोडलंय, हे घरी आल्यावर कळलं.

सत्कार कोणी कॅन्सल केला नाही. शाळेच्या कॅफेटेरियात बाबासाहेबांच्या फोटोसमोर त्याच्या खांद्यावर शाल पडली. प्लास्टर बाहीत लपवलेलं. अध्यक्ष काकांनी हात पुढे केला, याने डावा दिला.

"काय रे स्टार, आम्हाला डावा?"

"उजवा क्लबकडे राहिलाय, काका."

सगळे हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या.

प्लास्टर निघालं. परवा तो गॅरेजच्या दारासमोर उभा राहिला. बॉल दारापर्यंत पोचलाच नाही. गवतात पडला. मी आणायला गेले तर म्हणाला, "लीव्ह इट, यार."

बॉल अजून तिथेच आहे.

आता मी खेळाडूंच्या युनियनची पत्रकं वाटते. लोक घेतात, घडी घालतात, गाडीत टाकतात. तुमच्या हातातलं हे पत्रक तसं टाकू नका. तुमचं पोर आज प्रॅक्टिसहून येईल. त्याचा हात हातात घ्या, दाबून बघा. कळवळलं, तर कोच काहीही म्हणो, उद्या त्याला मैदानावर पाठवू नका. आणि तुमच्या मंडळाचं पोस्टर छापून झालं असेल, तर फाडा.