पेल्यातलं ब्रेक ऑइल

लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळी साली दादा, म्हणजे माझे वडील, जुन्या अँबॅसडरमधून अहमदपूरच्या लोकांना लातूरच्या कचेरीत नेत. दुसऱ्या दिवशी पाच माणसं न्यायची होती आणि ब्रेकचं पायडल मऊ लागत होतं. दोन-तीनदा मारलं की घट्ट व्हायचं. चाकांमागे ओल नव्हती, म्हणजे गळती नसावी. नळीत हवा शिरली असेल, असं मला वाटलं.

मी पायडल दाबून धरायचो आणि दादा चाकामागचा स्क्रू सैल करून हवा काढायचे. तासभर हेच चाललं, तरी पाय खाली जातच होता. शेवटी मी उतरून पाहिलं, तर पेल्यात निघालेलं फेसाळ ऑइल दादा गाळून परत गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीत ओतत होते. त्या वर्षी आमच्या घरात काहीच ओतून देत नसत. भाजी धुतलेलं पाणीही म्हशीला जायचं.

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांना चूक कशी सांगावी, कळेना.

"दादा, ह्या फेसातून हवा परत आत जायली."

"कॉलेजात ब्रेक बी शिकवायलेत का?"

"न्हाई. पण उद्या गाडीत तुम्ही असणार."

त्यांनी पेला उचलला. मग तो उकिरड्यावर रिकामा केला आणि दुकानातून ऑइलचा नवा डबा आणला. पुन्हा हवा काढली, तेव्हा संध्याकाळपर्यंत पायडल घट्ट झालं.

"उद्या मी पण येतो," मी म्हणालो.

"जागा न्हाई. आत्ताच बस, उतारावर बघू."

उतारावर गाडी जागेवर थांबली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.