कापसातली डाळ

माझे ऱ्हस्वदीर्घ चुकतात आणि अक्षर म्हणजे पाण्यातून निघालेल्या मुंग्यांची रांग. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. आज गादीतला कापूस उन्हात पसरला आणि त्याचा तापलेला, कोरडा, गोडसर वास येताच धुळ्याची आमची खोली आठवली, दुसऱ्या मोठ्या लढाईतला तो पावसाळा आठवला, म्हणून लिहायला बसले.

हे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कामाला. पावसात जिन बंद असे, तेव्हा हे बाजारात हमाली करत. रॉकेल मिळेना, सोनगीरकडून येणारे लाकूड ओले, तरी महाग. शेजारच्या अक्कांनी लेकीच्या बाळंतपणाला चाळीसगावी जाण्यासाठी जपलेले पैसे काढून मला लाकडे घेऊन दिली. दिवाळीनंतर त्यांना निघायचे होते, त्याआधी ते फेडायला हवे होते. हमालीतून दाण्यापाण्यानंतर जे उरे तेही पुन्हा लाकडात गेले असते, तर तिकडे पहिलटकरीण लेक आईची वाट पाहत राहिली असती.

युक्तीही अक्कांनीच दिली. कापूस वेचणाऱ्या बाया घरून उकळी आणलेली डाळ शेतात कापसाच्या ढिगात पुरून ठेवत. दुपारपर्यंत ती मऊ शिजे. मी टोपल्यात जुन्या गादीचा कापूस भरला, उकळते पातेले त्यात बसवले, वर गोधडी दाबली. पण मला धीर कुठला! घडीघडी झाकण उचलून पाहिले, आणि प्रत्येक वेळी हळदीच्या वासाची वाफ माझ्या तोंडावरून निघून गेली. रात्री यांनी पहिला घास बराच वेळ चावला.

“आज फुटाण्यांची आमटी वाटतं,” एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अक्का दारात उभ्या. “काय व माय, कोंबडी बसाडी का टोपलामा?”

मी खाली मान घालून सगळे सांगितले. त्या हसल्या. “घडी घडी देखशी तं दाय कशी शिजी? तिले तिनी जागावर ऱ्हाऊ दे.”

चारचौघांनी पाहिले की माझेही शब्द असेच कच्चे राहतात, हे त्यांना ठाऊक असावे. त्या माझ्याकडे न पाहता टोपल्याशी बोलल्यासारख्या बोलल्या. त्यानंतर मी झाकणाला हात लावला नाही. एका जाळावर डाळीला उकळी येई, भाकरी होत, निखाऱ्यांवर वांगे भाजून निघे. बाहेर पाऊस, चूल विझलेली, आणि कोपऱ्यात ते टोपले कुणाला न सांगता आपले काम करत असे. लाकडांची चळत दसऱ्यापर्यंत पुरली, मग जिनाचा भोंगाही वाजला.

अक्का निघाल्या त्या सकाळी मी पैसे त्यांच्या हातावर ठेवले. न मोजता त्यांनी ते पदराला बांधले.

“फिटनं बठ्ठं, पोरी.”

टांगा वळेपर्यंत मी दारात उभी होते. आत येऊन गोधडीखाली हात घातला. कापूस अजून उबदार होता. अक्का म्हणाल्या सगळे फिटले, पण फिटले होते ते फक्त पैसे.